निवड न झालेले मूल

सहलींचे दिवस आले की आमच्या वाचकांची मुले शाळेबरोबर किंवा आईबापांबरोबर मनोरंजनाची स्थळे पाहावयास जातात. परत आल्यावर घरभर आनंदाची वर्णने चालतात. परंतु एखादे लेकरू मात्र गप्प असते. पुनःपुन्हा विचारल्यावर कळते ते इतकेच, की खेळात भाग घेण्यासाठी त्याने हात वर केला होता आणि बोलावणे दुसऱ्यालाच आले. मोठ्यांस ही बाब क्षुल्लक वाटते. आमच्या मते ती तशी नाही.

हैदराबादेजवळील रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक खेळ तेथे होत असतो. प्रेक्षकांतून एखाददुसऱ्यास बोलावून टांग्यावर बसवितात, ‘शोले’ (१९७५) ह्या चित्रपटातील बसंतीच्या टांग्यासारखे दृश्य टिपतात, त्यास आवाज जोडतात आणि तयार झालेला प्रसंग सर्वांस पडद्यावर दाखवितात. टांग्यावर जागा थोडी आणि वर झालेले हात पुष्कळ.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या मुलांवरही हाच प्रसंग येतो. अमेरिकेत ऑरलँडो येथील युनिव्हर्सलच्या उद्यानात २०१० साली हॅरी पॉटरच्या कथेवर आधारलेला विभाग उघडला. तेथील ऑलिव्हँडरच्या दुकानात लहानसा गट आत घेतात आणि छडीवाला त्यांतून एकाच व्यक्तीस, बहुधा एखाद्या मुलास, पुढे बोलावितो. छडी आपला धनी स्वतःच निवडते, अशी ती कथा आहे. मग मागे उभ्या राहिलेल्या मुलाने काय समजावे? छडीने मला नाकारले, असेच ते समजणार! खरे पाहता, निवडलेल्या मुलाच्या हाती आलेली छडीही फुकट नसते. ती हवी असल्यास आईबापांनी पैसे मोजावे लागतात.

दुःखाचे मूळ येथेच आहे. निवड करणाऱ्या कलाकारास मुलाचे गुणावगुण ठाऊक नसतात. काही क्षणांत त्यास कोणालातरी बोलावयाचे असते. जो समोर दिसला, वाटेजवळ बसला, उंचीने सोयीचा वाटला, तो पुढे जातो. डिस्नेच्या फ्लॉरिडातील उद्यानात २०२० पर्यंत चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘जेडाय’ योद्ध्यांची शिकवणी चालत असे. तिच्यात सकाळी लवकर येऊन नाव नोंदविणाऱ्यांस जागा मिळे. ह्यात परीक्षा कसली? परंतु मुलाच्या मनात ‘मला बोलाविले नाही’ आणि ‘मी चांगला नाही’ ही दोन वाक्ये एकच होऊन बसतात.

अशा वेळी आपण मोठी माणसे काय करतो? कोणी दटावतो : “एवढ्याशा गोष्टीला रडतोस?” कोणी खेळणे घेऊन देऊन तोंड बंद करतो. कोणी निवडलेल्या मुलासच नावे ठेवतो. कोणी “पुढच्या वेळी नक्की” असे वचन देतो, जे पाळणे त्याच्या हाती नसते. पहिल्याने मूल दुःख लपविण्यास शिकते, दुसऱ्याने दुःखाची किंमत वसूल करण्यास, तिसऱ्याने मत्सर करण्यास आणि चौथ्याने आईबापांच्या शब्दावर अविश्वास ठेवण्यास.

त्याहून सोपा मार्ग आहे. निघण्यापूर्वीच सांगावे, “हात वर कर; पण बोलाविणार एकदोघांनाच.” निवड झाली नाही तर घटकाभर रडू द्यावे आणि जवळ बसावे. मग खरे तेच सांगावे : “त्यांनी तुला पारखले नाही, ते तुला ओळखतही नाहीत.” दोन भावंडांपैकी एकच निवडले गेले असेल तर अधिक जपावे. एकाचा आनंद दाबू नये, दुसऱ्याचे अश्रू हसण्यावारी नेऊ नयेत.

घरी आल्यावर विचारावे, “तुला बोलाविले असते तर तू काय केले असतेस?” नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोड्याच्या टापा ऐकू येतात, ध्वनी देणाऱ्या कलावंतांची ही जुनीच युक्ती आहे. बाजेचा टांगा होतो, आजोबा प्रेक्षक होतात, आणि राहून गेलेला खेळ अंगणात रंगतो.

निवड जेथे आपल्याच हाती असते, तेथे आपले कर्तव्य मोठे आहे. फ्लॉरिडातील मॅजिक किंगडम उद्यानात २०१२ साली राजकुमारी बेलच्या कथेचा एक खेळ सुरू झाला. त्यात प्रेक्षकांतील पुष्कळ मुलांस निरनिराळ्या भूमिका देण्याची योजना आहे. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात व नाताळच्या नाटिकेत दरवर्षी त्याच चार चुणचुणीत मुलांस का उभे करावे? मेंढपाळ तीन असावेत असे कोठेही सांगितलेले नाही; ते तेरा असले तरी चालतात. पडदा ओढणारा, दिवा धरणारा, करवंट्या वाजविणारा, ह्यांचीही नावे सर्वांसमोर वाचून दाखवावीत.

टांग्यावरची ती जागा मूल चार दिवसांत विसरेल. आम्हांस भय आहे ते निराळेच. दोनचारदा असे घडल्यावर कित्येक मुले हात वर करणेच सोडून देतात. वर्गात प्रश्न विचारीत नाहीत, गाण्यास उभी राहत नाहीत, पुढे अर्ज करावयासही कचरतात. आईबापांनो, बोलावणे येणे न येणे आपल्या हाती नाही. मुलाचा हात पुढच्या वेळीही वर जाईल एवढे मात्र आपण पाहू शकतो, आणि ते आपण पाहिलेच पाहिजे.