पाहुणे वाढले, घरधनी कुठे गेला?

व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलापासून जवळच असलेल्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत २००८ सालापासून एक आकडेफलक लावलेला आहे. जुन्या शहरात आज किती माणसे राहतात, एवढीच संख्या त्यावर दिसते. १९५१ साली तेथे सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली घसरली आणि पुढच्याच वर्षी तेथील नागरिकांच्या एका संघटनेने हिशेब मांडून दाखविला की, प्रवाशांसाठी असलेल्या खाटा आता रहिवाशांपेक्षा अधिक झाल्या आहेत. ज्या गावात यजमानांपेक्षा पाहुण्यांची अंथरुणे जास्त, त्याला गाव म्हणावे की धर्मशाळा, हा प्रश्न आता केवळ व्हेनिसपुरता राहिलेला नाही. बार्सिलोना, ॲम्स्टरडॅम, लिस्बन या शहरांतही तो कमीअधिक तीव्रतेने विचारला जात आहे.

वास्तविक युरोपातील शहरांना पाहुणे नवे नाहीत. सेझार रिट्झने १८९८ साली पॅरिसमध्ये आपले प्रसिद्ध हॉटेल उघडले, तेव्हापासून ‘ऐषारामी हॉटेल’ हा एक स्वतंत्र व्यवसायच बनला. तथापि त्या काळच्या व्यवस्थेत एक शिस्त होती. हॉटेल ही वेगळी इमारत असे, तिला परवाना लागे, आणि शेजारच्या गल्लीतील बिऱ्हाडे आपल्या जागी सुखाने नांदत. विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी बदलल्या. युरोपीय संघातील हवाई वाहतूक १९९७ पर्यंत पूर्णपणे खुली झाली आणि स्वस्त विमानांचा सुळसुळाट झाला. त्यानंतर २००८ साली स्थापन झालेल्या एअरबीएनबीसारख्या कंपन्यांनी राहत्या घराचेच हॉटेल करण्याचा मार्ग मोकळा केला. शिक्षकाला महिन्याच्या भाड्याने दिलेली खोली प्रवाशाला रात्रीच्या भाड्याने दिली तर कितीतरी अधिक उत्पन्न मिळते, हे एकदा कळल्यावर घरमालकाने शिक्षकाला का ठेवावे? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शिक्षकाला ठेवण्याचा संधिव्यय फार वाढला.

बाजारांची कथाही हीच आहे. बार्सिलोनाची बोकेरिया ही मुळात गृहिणींची मंडई. परंतु छायाचित्रे काढणाऱ्या जथ्यांतून वाट काढीत भाजी घेणे तिला अशक्य झाले, आणि अनेक गाळ्यांवर मासळी व भाजीपाल्याच्या जागी कापलेल्या फळांचे पेले व रसाचे प्याले आले. २०१५ साली पंधराहून अधिक जणांच्या गटांना खरेदीच्या गर्दीच्या वेळी तेथे मज्जाव करावा लागला. लिस्बनमध्ये मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजाराच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘चोरणीचा बाजार’ असा आहे. मुंबईकराला तेथे आपला चोरबाजार आठवल्याखेरीज राहणार नाही. अशा बाजाराची सारी गंमत, तो कोणासाठीही मांडलेला देखावा नसतो, यातच असते. पाहणारे वाढले आणि विकत घेणारे शेजारी उठून गेले, की उरतो तो केवळ देखावा. म्हणजे प्रवासी जे पाहावयास येतो, तेच त्याच्या येण्याने नाहीसे होते.

यावर उपाय काय? व्हेनिसने किमतीचा मार्ग धरला. २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या निवडक २९ दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांवर पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसविण्यात आले. त्या वर्षी सुमारे चार लाख पंच्याऐंशी हजार लोकांनी ते भरले आणि नगरपालिकेला चोवीस लाख युरो मिळाले. २०२५ साली दिवस ५४ करण्यात आले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यास दहा युरो पडू लागले. तिजोरीत भर पडली. गर्दीला म्हणण्यासारखा आळा बसला नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. एकूण खर्चाच्या मानाने अगदी अल्प असलेली रक्कम मागणीवर फारसा परिणाम करीत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आपल्याकडील जोडपे काही लाख रुपये खर्चून, माणशी नव्वद युरो व्हिसाचे शुल्क भरून युरोपात जाते. ते पाच युरोंसाठी व्हेनिस टाळील काय? महाबळेश्वरच्या नाक्यावर माणशी कर घेतला जातो, म्हणून मे महिन्यात कोणी घाटातून माघारी वळल्याचे ऐकिवात नाही.

मग शुल्क शंभर युरो करावे, असे कोणी म्हणेल. गर्दी निश्चितच ओसरेल. परंतु मग शहरच एक महागडे हॉटेल बनेल, आणि इटलीतल्याच एखाद्या गिरणी कामगाराला आपल्या देशाचा वारसा पाहणे परवडणार नाही. जून २०२५ मध्ये एका अमेरिकन अब्जाधीशाचा विवाहसोहळा व्हेनिसमध्ये झाला, तेव्हा जी निदर्शने झाली ती या भीतीपोटीच. थोडक्यात, भाव कमी ठेवला तर शहराची जत्रा होते आणि भाव वाढविला तर खासगी दिवाणखाना होतो. दोन्ही प्रकारांत गावातला मध्यमवर्ग बाहेर फेकला जातो. व्हेनिसमध्ये नोकरी करणारे कितीतरी लोक आज समोरच्या किनाऱ्यावरील मेस्त्रे येथे राहतात आणि पूल ओलांडून कामाला येतात.

बार्सिलोनाने दुसरा, म्हणजे संख्येवर नियंत्रणाचा मार्ग निवडला आहे. जून २०२४ मध्ये तेथील महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केले की, प्रवाशांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांच्या परवान्यांचे नोव्हेंबर २०२८ नंतर नूतनीकरण होणार नाही. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी दिले. पुढच्याच महिन्यात तेथील निदर्शकांनी उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडविल्या, ते दृश्य जगभर गाजले. सोळा लाख वस्तीच्या शहरात दहा हजार घरांनी काय होणार, असा आक्षेप घरमालक घेतात. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु भाडे ठरते ते शहरातील एकूण घरांवरून नव्हे, तर त्या वर्षी भाड्यासाठी बाजारात आलेल्या मोजक्या घरांवरून. त्या मोजक्या पुरवठ्यात दहा हजारांची भर पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अर्थात केवळ एवढ्याने भागणार नाही. नवी घरे बांधावीच लागतील. ॲम्स्टरडॅमने किंमत आणि संख्या या दोहोंची सांगड घातली आहे. २०२४ पासून तेथे मुक्कामाच्या भाड्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि जुने हॉटेल बंद झाल्याखेरीज नव्याला परवानगी न देण्याचे धोरण आहे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. स्पेनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे आठवा हिस्सा पर्यटनातून येतो. २०२४ साली तेथे नऊ कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले. हॉटेलात चादरी बदलणारी बाई आणि उपाहारगृहातला वाढपी यांची चूल त्यावरच पेटते. त्यामुळे ‘प्रवासी परत जा’ ही घोषणा धोरण होऊ शकत नाही. प्रश्न पाहुणे यावेत की नाहीत असा नसून, मिळकत कोणाला आणि भुर्दंड कोणाला, असा आहे. मिळकत घरमालक, विमान कंपन्या आणि हॉटेलवाले यांच्याकडे जाते. वाढलेले भाडे, तुंबलेल्या गल्ल्या आणि बंद पडलेले किराणा दुकान वाट्याला येते ते नोकरदाराच्या. शहराचे सौंदर्य हे गावच्या गायरानासारखे आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी राखले. त्यावर गुरे मात्र काही थोड्यांचीच चरतात.

यास्तव प्रवेशशुल्काच्या नाक्यापेक्षा घरांविषयीचा कायदा अधिक महत्त्वाचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कराचे उत्पन्न परवडणाऱ्या भाड्याची घरे बांधण्याकडे वळविले आणि राहत्या घरांचा हॉटेल म्हणून वापर आवरला, तरच पाहुणचाराला अर्थ राहील. आपल्यातील अनेक कारकून आणि शिक्षक निवृत्तीनंतरची शिल्लक काढून कधी ना कधी युरोपची सहल करतील; त्यांनी ती अवश्य करावी. परंतु व्हेनिसला गेल्यावर त्या औषधाच्या दुकानासमोर क्षणभर थांबावे. फलकावरून गळून गेलेल्या आकड्यांत आपल्यासारखेच अनेक शिक्षक आणि कारकून होते.