स्वेटर नको, छप्पर हवं!

नोव्हेंबरातला शनिवार. उशिरा उठले, हातात कॉफीचा मग, टेरेसचं दार उघडलं आणि बघते तर काय, आजीची नागवेल पार मलूल! कोवळी पानं काळपट पडून उकडल्यासारखी लोंबत होती. ही काही नर्सरीतून आणलेली वेल नव्हे हां. गुहागरचं घर विकलं त्या दिवशी आजीने ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणलेली ती एक कांडी. त्या वाडीतलं जिवंत असं आमच्याकडे तेवढंच उरलंय.

बरं, मी बेफिकीर होते असंही नाही. आदल्या रात्री पारा घसरल्याची बातमी बघून माझी जुनी शाल वेलीभोवती छान गुंडाळली, वरून प्लास्टिकची पिशवी चढवली, रिबन बांधली. एकदम क्यूट दिसत होती!

आजी रागावली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "अगो, तिकडे ती पोफळीवर चढलेली असायची. डोक्यावर छत्र होतं तिला. तू तिला उघड्यावर ठेवलंस आणि अंगात कपडे घातलेस."

मंडळी, सगळा फंडा या वाक्यात आहे. आपल्याला स्वेटरने ऊब येते, कारण आपलं अंग आतून गरम असतं. झाडाचं तसं नसतं. त्याला ऊब मिळते ती दिवसभर तापलेल्या मातीची आणि भिंतीची. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की ही ऊब रात्रभर सरळ वर निघून जाते. उघड्यावरचं पान तर भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार होतं. शिवाय गार हवा जड, ती सखल जागी साचते. म्हणूनच महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठून पानांवर बर्फाची साय धरते, तेव्हाही गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो.

पुण्यात कुठे दव गोठतंय, म्हणून निवांत राहू नका. १७ जानेवारी १९३५ रोजी इथे १.७ अंशांची नोंद झाली होती. आणि नागवेल, तुळस, अँथुरियम या नाजूक मंडळींना बर्फाची गरजच नसते. पारा दहाच्या खाली गेला की त्यांचं तोंड उतरतं.

करायचं ते सोपं आहे. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब डोक्यावर येईल अशा जागी कुंड्या सरकवा, दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकवून, एकमेकींना चिकटून. कुंडी हलत नसेल तर वर मांडव घाला. आमचा कपडे वाळत घालायचा स्टँड आणि आजीचं जुनं नऊवारी यावर काम भागलं. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर मातीची ऊब खालून निसटते. पानांना टेकता कामा नये. प्लास्टिक तर नाहीच. ते जिथे चिकटलं होतं, नेमकी तीच पानं आधी गेली. ऊन उतरता उतरता झाकायचं आणि सकाळी आठवणीने काढायचं. (ऑफिसच्या घाईत हेच राहतं. मोबाइलवर अलार्म लावा.)

माती कोरडी ठेवू नका. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, म्हणून दुपारी थोडं पाणी द्या. चिखल नको, मुळं कुजतील. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला पाणी सोडतात, शेकोट्याही पेटवतात. शेकोटीचा प्रयोग टेरेसवर करू नका, सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हालाच पेटवतील!

माझी आणखी एक घोडचूक. दिवाळीची साफसफाई म्हणून मी वेल छाटली होती आणि वर खतही घातलं होतं. त्याने फुटलेली लुसलुशीत पालवी ऐन थंडीच्या तोंडी सापडली. ऑक्टोबर संपत आला की खत आणि कात्री दोन्ही कपाटात.

त्या सकाळी मी पुन्हा कात्री घेऊनच आले होते, काळी पानं काढून टाकायला. आजीने हात धरला. मेलेली पानं खालच्या डोळ्यांवर पांघरूण धरतात, आणि आत्ता छाटलं तर वेल पुन्हा कोवळं फुटायला बघणार. तिने नखाने दांडा जरासा खरवडला. आत हिरवा होता.

फेब्रुवारीत पहिलं पान आलं. आजीने ते तोडू दिलं नाही. दुसरंही नाही. तिच्या विड्याची पानं आम्ही अजून मंडईतूनच आणतो.