रक्तगटाच्या चिठ्ठीवरील अधिक-उणे

पेडणे वा डिचोली महालातील एखादा तरुण शिबिरात रक्तदान करतो आणि 'आरएच पॉझिटिव्ह' अशी नोंद घेऊन घरी परततो. पुढे शस्त्रक्रियेच्या प्रसंगी त्याच्याच चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' उमटते. घरची मंडळी प्रयोगशाळेच्या नावाने बोटे मोडतात. हलगर्जीपणा कधी असेलही. परंतु दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी बरोबर असू शकतात, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० साली आरएच घटक उजेडात आणला. तांबड्या पेशींवर 'डी' प्रतिजन असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह, असा सरळ हिशेब आपण मांडतो. निसर्ग तो नेहमीच पाळतो असे नव्हे. काहींच्या पेशींवर 'डी' अत्यल्प असतो. त्यास दुर्बळ 'डी' म्हणतात. काहींच्या 'डी'चा एखादा अंशच नसतो. तो आंशिक 'डी'. दुर्बळ 'डी' साध्या चाचणीत निसटू शकतो आणि कूम्ब्ज चाचणीत सापडतो. अशा व्यक्तीस दाता म्हणून पॉझिटिव्ह मानतात, कारण तिचे रक्त निगेटिव्ह रुग्णास बाधू शकते. प्रकार निश्चित होईपर्यंत रुग्ण म्हणून तिला निगेटिव्ह मानणे सुरक्षित, कारण पॉझिटिव्ह रक्त तिला सोसेलच अशी खात्री नसते.

खरा प्रश्न आहे तो मातांचा. आंशिक 'डी' असलेली स्त्री पॉझिटिव्ह म्हणून गणली गेली आणि तिचे मूल पूर्ण 'डी'चे निघाले, तर तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढच्या गरोदरपणी ती अर्भकाच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दिलेले अँटी-डी इंजेक्शन हे संकट बव्हंशी टाळते. पण ते कोणास द्यावयाचे हेच न कळले, तर औषध असून नसल्यासारखेच!

येथे जनुकीय तपासणी उपयोगी पडते. युरोपात दुर्बळ 'डी'चे १, २ आणि ३ हे प्रकार मुख्यत्वे आढळतात व त्यांना पॉझिटिव्ह मानण्यास तेथील तज्ज्ञांची हरकत नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था व फ्रेंच संशोधक यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र भारतीयांत एक निराळाच प्रकार प्रामुख्याने आढळला. तेव्हा युरोपचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे. हा धडा आपणांस नवा नाही. 'ओ' भासणारा परंतु 'ओ' रक्तही न चालणारा 'बॉम्बे' गट डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ सालीच मुंबईत दाखवून दिला होता.

सर्वांचीच जनुके तपासावीत असे आमचे म्हणणे नाही. तो व्यर्थ खर्च होईल. परंतु संशयित नमुने, विशेषतः गरोदर स्त्रियांचे, बांबोळीमार्गे परळला जाण्याची नियमित व्यवस्था हवी. दुर्बळ 'डी' आढळल्यास दात्याच्या कार्डावर तसे स्पष्ट लिहावे व त्याचा अर्थ त्यास मराठी-कोंकणीत सांगावा. पेडणे-डिचोलीचे सोयरसंबंध सावंतवाडी-दोडामार्गपर्यंत पसरलेले आहेत आणि रक्ताचे गुण वंशपरंपरेने उतरतात; म्हणून दुर्मीळ रक्ताच्या व्यक्तींची नोंद सिंधुदुर्गासह एकत्र ठेवावी. तेरेखोलच्या पाण्याने राज्ये वेगळी होतात, रक्त होत नाही. आरोग्य खात्याने एवढे केले, तरी कित्येक मातांच्या ओटीतील मूल सुखरूप राहील.