बागेखालचा हिशेब

मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. सागरी किनारा मार्गालगत भरावातून निर्माण झालेली सुमारे १७५ एकर मोकळी जागा तीत मिळविली, तर जवळजवळ ३०० एकरांचे उद्यान या शहराच्या वाट्याला येऊ शकते. श्वास घेण्यापुरतीही मोकळी जागा उरली नाही अशी ज्या शहराची ख्याती, त्याने या बेताचे स्वागतच करावयास हवे. तथापि उद्यानाच्या जोडीने त्याच्या पोटात वाहनतळ, क्रीडासंकुल अशा भूमिगत बांधकामांच्या कल्पनाही पुढे आल्या आहेत, आणि तेथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला थबकणे भाग पडते. कारण जमिनीवरची बाग आणि छपरावरची बाग या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू होत. पहिलीचा खर्च माळी, पाणी आणि खत यांत सामावतो. दुसरीचा खरा खर्च तिच्याखाली असतो, आणि तो सहसा कोणी मांडीत नाही.

ओल्या मातीचा एक मीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे पावणेदोन ते दोन टन भार टाकतो. त्यावर वाढणारी झाडे, जमणारी गर्दी आणि मुंबईचा पाऊस यांची भर वेगळीच. मातीतून झिरपणारे पाणी स्लॅबच्या सांध्यांत शिरते, आतील लोखंडी सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. वर हिरवळ टवटवीत दिसत असते, त्यामुळे खाली काय चालले आहे याची कल्पना फिरावयास येणाऱ्या माणसाला येत नाही. दुरुस्ती करावयाची, तर आधी वरची बाग उचकटावी लागते. अशा बागेची गळती काढणे हे घराची कौले चाळण्याइतके सोपे काम नव्हे.

मलबार हिलचा धडा

या प्रश्नाचे प्रात्यक्षिक मुंबईतच झालेले आहे. शाळेच्या सहलीत ‘म्हातारीचा बूट’ पाहून समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये डबे उघडले नाहीत, असा मुंबईकर विरळा. फिरोजशहा मेहता यांचे नाव धारण करणारी ही बाग एका जलाशयाच्या छतावर वसली आहे, हे मात्र अनेकांना २०२३ साली प्रथमच कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा जलाशय सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी साठवितो आणि दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाची तहान भागवितो. तो जुना झाला, म्हणून पाडून नव्याने बांधावा आणि त्याची क्षमता सुमारे १९ कोटी लिटरपर्यंत वाढवावी, अशी ६९८ कोटी रुपयांची योजना महानगरपालिकेने आखली. तीत ३८९ झाडांना हात लागणार होता, आणि बाग काही वर्षे बंद राहणार होती.

नागरिकांनी विरोध केला. तेव्हा मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक, पालिकेचे अभियंते आणि स्थानिक तज्ज्ञ यांची समिती नेमण्यात आली. जलाशयात उतरून पाहणी झाली. सर्व मुद्द्यांवर सर्व सदस्यांचे एकमत झाले नाही. तथापि पाडापाडीची निकड नाही, दुरुस्तीने काम भागू शकते, हा विचार त्यातून बळावला आणि पुनर्बांधणीचा बेत मागे पडला.

या प्रकरणात झाडांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्यातील आर्थिक मुद्दा दुर्लक्षित राहिला. ‘जुना जलाशय सुरक्षित आहे काय?’ हा एक प्रश्न होता. ‘शहराला साडेचार कोटी लिटरची जादा साठवण हवी काय?’ हा दुसरा प्रश्न होता. पहिल्याचे उत्तर संरचना-परीक्षणातून मिळते, दुसऱ्याचे पाण्याच्या मागणीच्या अभ्यासातून. दोन्ही प्रश्न एकाच निविदेत बांधले गेले आणि दुरुस्तीच्या निकडीच्या आधारावर विस्ताराचा खर्चही उभा राहिला. विस्तार अनावश्यक होता असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तो स्वतंत्रपणे तोलला गेला असता, तर ६९८ कोटींपैकी किती रक्कम धोका टाळण्यासाठी आणि किती सोयीसाठी, हे करदात्याला कळले असते. त्या काळी महानगरपालिकेत निर्वाचित सभागृह नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता. स्थायी समितीने जे प्रश्न विचारावयाचे, ते बागेत सकाळी फिरावयास येणाऱ्या नागरिकांना विचारावे लागले.

शिकागोचा अनुभव

बागेखाली बांधकाम असले म्हणजे खर्च कसा फुगतो आणि दुरुस्ती कशी पाठ सोडीत नाही, याचे जगातील ठळक उदाहरण अमेरिकेतील शिकागोचे मिलेनियम पार्क हे होय. रेल्वेमार्ग आणि वाहनतळ यांवर छत घालून त्यावर सुमारे २४.५ एकरांची बाग करण्याची ही योजना १९९८ साली महापौर रिचर्ड डेली यांनी जाहीर केली. अपेक्षित खर्च १५ कोटी डॉलर होता. त्यातील बहुतांश रक्कम वाहनतळाच्या उत्पन्नातून फेडावयाच्या रोख्यांतून यावयाची होती, म्हणजे करदात्यावर भार नाही, असे सांगण्यात आले. बाग २००० साली खुली व्हावयाची होती. ती जुलै २००४ मध्ये खुली झाली आणि खर्च सुमारे ४७.५ कोटी डॉलरवर पोहोचला. त्यातील सुमारे २७ कोटी शहराचे आणि २०.५ कोटी खासगी देणगीदारांचे होते.

हे कसे घडले? आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच काम सुरू झाले, हे पहिले कारण. काम चालू असतानाच देणगीदार आले, त्यांच्याबरोबर फ्रँक गेहरीसारखे ख्यातनाम वास्तुशिल्पी आणि अनिश कपूर यांच्यासारखे शिल्पकार आले. कपूर हे मूळचे मुंबईचेच. त्यांच्या ‘क्लाउड गेट’ या पोलादी शिल्पाचा आरंभीचा अंदाज ६० लाख डॉलर होता. अखेरचा खर्च २ कोटी ३० लाखांवर गेला. सुमारे ११० टनांचे हे शिल्प एका छतावर उभे करावयाचे, म्हणजे खालच्या बांधकामालाही बळकटी देणे ओघानेच आले. कल्पना वर बदलली की खर्च खाली वाढतो, तो असा.

पुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. वाहनतळाचे उत्पन्न रोखे फेडण्यास अपुरे पडू लागले. २००६ साली शहराने या वाहनतळासह एकूण चार भूमिगत वाहनतळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ५६.३ कोटी डॉलरना खासगी कंपनीस दिले. करारात परिसरात स्पर्धक सार्वजनिक वाहनतळ होऊ न देण्याची अट होती. ती शहराने मोडल्याचे लवादाने ठरविले आणि सुमारे ६ कोटी डॉलरची भरपाई शहराला मोजावी लागली. ‘करदात्यावर भार नाही’ या आश्वासनाचा प्रवास असा झाला. आणि दुरुस्ती? क्लाउड गेटभोवतालची फरसबंदी व तिच्याखालील जलरोधक थर यांच्या नूतनीकरणासाठी तो परिसर ऑगस्ट २०२३ ते जून २०२४ या काळात जनतेला बंद होता. बाग वीस वर्षांचीही झालेली नव्हती.

येथे कोणी म्हणेल, पण बाग लोकप्रिय झाली ना? झाली, निःसंशय झाली. तिने पर्यटक आणले, आसपासच्या जागांचे भाव वाढविले. परंतु यशाने अंदाजपत्रकाचे पाप धुतले जात नाही. खरा खर्च आरंभी सांगितला असता, तर शहराने ती बाग कदाचित तरीही निवडली असती. मात्र ती निवड डोळस ठरली असती. शिवाय तेथे खर्चाचा मोठा वाटा दात्यांनी उचलला. आपल्याकडे तसे दाते पुढे येतील, या भरवशावर महानगरपालिकेचे नियोजन होऊ शकत नाही.

वाढ कोणती, हे आधी विचारा

सार्वजनिक कामाचा खर्च वाढला की ‘महागाई वाढली’ हे ठरलेले उत्तर मिळते. वस्तुतः वाढ तीन प्रकारची असते. सिमेंट, पोलाद व मजुरी यांच्या भावांमुळे होणारी वाढ ही पहिली. ती निर्देशांकांवरून मोजता येते आणि करारातच तिची तरतूद करता येते. कामाची व्याप्ती मध्येच बदलल्याने होणारी वाढ ही दुसरी. ही निर्णयातून जन्मते, म्हणून तिला निर्णय घेणाऱ्याचे नाव असले पाहिजे. जमीन खोदल्यावर वा जुने बांधकाम उघडल्यावर आढळलेल्या दोषांमुळे होणारी वाढ ही तिसरी. ती टाळता येत नाही, पण आधी पुरेशी तपासणी केल्यास आटोक्यात राहते. या तिन्हींची एकच मोळी बांधून सुधारित मंजुरी मागितली जाते, तेव्हा दुसरा प्रकार पहिल्याच्या आड दडतो.

हा दोष केवळ आपलाच नव्हे. बेंट फ्लुबिया या डॅनिश अभ्यासकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २५८ वाहतूक-प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढला होता आणि सरासरी वाढ २८ टक्के होती. निव्वळ चूक असती, तर काही अंदाज जास्त व काही कमी निघाले असते. नेम नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर तो नेमबाजाचा दोष नसून बंदुकीचा कल मानावा लागतो. कमी आकडा सांगितल्याने मंजुरी मिळते, हा तो कल होय. एकदा काम सुरू झाले की ‘इतका पैसा गेलाच आहे, आता मागे कसे फिरायचे?’ हा युक्तिवाद पुढे येतो. गेलेला पैसा परत येत नाही, म्हणून पुढच्या निर्णयात तो धरू नये, हे आम्ही वर्गात प्रथम वर्षाला शिकवितो. सार्वजनिक जीवनात मात्र याच्या नेमके उलट घडते.

दुरुस्तीची तरतूद आधी

यावर उपाय अवघड नाहीत, अप्रिय मात्र आहेत. आराखडा पूर्ण झाल्याशिवाय व भूस्तराची तपासणी झाल्याशिवाय निविदा काढू नये. व्याप्तीत बदल करावयाचा झाल्यास त्याचा खर्च व कारण सभागृहापुढे स्वतंत्रपणे यावे. दर पाच वर्षांनी भूमिगत बांधकामाचे त्रयस्थ परीक्षण होऊन त्याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उद्घाटनाच्या आधी दुरुस्तीचा राखीव निधी उभा राहावा. उदाहरणादाखल, भूमिगत बांधकामास १,००० कोटी रुपये लागले आणि वर्षाला २ टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूस काढावयाची ठरविली, तर दर वर्षी २० कोटी रुपये वेगळे ठेवावे लागतील. हा आकडा आज सांगितला, तर काहींचा उत्साह मावळेल. न सांगितला, तर तीस वर्षांनी कोणीतरी म्हणेल, ‘दुरुस्ती परवडत नाही, पाडून नवेच बांधू.’ टाळलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या पिढीच्या नावे, तिला न विचारता काढलेले कर्ज होय.

या हिशेबानंतरही भूमिगत वाहनतळ वा क्रीडासंकुल हवेच, असे शहराने ठरविले तर ते जरूर करावे. परंतु मोकळी जमीन हाती येत असताना तिच्याखाली पोकळी निर्माण करणाऱ्यावर सिद्धतेचा भार असला पाहिजे. जमिनीवरच राहू दिलेल्या बागेला काँक्रीटचे आयुष्य मोजावे लागत नाही. तिच्यात पडलेले पाणी मुरते, ते गळत नाही. तीनशे एकरांची मोकळी जागा मुंबईला पुन्हा लाभण्याचा संभव फार थोडा. तेव्हा महानगरपालिकेने चित्रफलकावर हिरवा रंग भरण्याआधी बागेखाली काय असणार, त्याला किती खर्च येणार आणि पन्नास वर्षांनी त्याची दुरुस्ती कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे नागरिकांपुढे ठेवावीत.