कांट्यांची छाटणी आणि शेजारधर्म

पावसाळा सरून ऑक्टोबर उजाडला कीं घरोघरच्या बागांत गुलाब छाटण्याची घाई सुरू होते. छाटणी साधली कीं नाहीं, हें लोक पुढें येणाऱ्या फुलांवरून ठरवितात. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. कापलेले कांटे अखेर कोणाच्या हातांत व कोणाच्या पायांत गेले, हेंही विचारलें पाहिजे.

प्रथम छाटणाऱ्याचें रक्षण पाहूं. गुलाबाचा कांटा सालीवर उगवतो, म्हणून बाजूस दाबतांच निखळतो. परंतु लिंबाचा व बोगनवेलीचा कांटा म्हणजे रूपांतर पावलेली फांदीच होय, आणि तो वाळला तरी बोथट होत नाहीं. यास्तव चामड्याचे जाड हातमोजे, लांब बाह्या, बंद जोडे व डोळ्यांवर चष्मा हीं साधनें हवींतच. गुंतलेली फांदी ओढूं नये. ती उसळून तोंडावर येते. लांब दांड्याच्या धारदार कात्रीनें शेंड्याकडून वीतवीत तुकडे करीत बुंध्याकडे यावें. गुलाबास बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर काप द्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेरच्या बाजूस वाढते व पुढच्या खेपेस हात झुडपाच्या आंत घालावा लागत नाहीं. ख्रिस्ताच्या कांट्यांच्या मुगुटावरून ज्याला इंग्रजींत नांव पडलें आहे, त्या मादागास्करच्या झुडपाचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. त्यानें मोठा अपाय होतो.

कांट्याची जखम वरून लहान, पण आंत खोल असते. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, आणि जेथें हवा पोंचत नाहीं तेथेंच ते वाढतात. म्हणून जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावी आणि टोंक आंत मोडून राहिल्यास डॉक्टरांकडे जावें. आपल्या देशांत १० व्या व १६ व्या वर्षीं देण्यांत येणारी धनुर्वाताची लस कोणीही चुकवूं नये.

आतां मुख्य मुद्दा. कित्येक सुशिक्षित घरांत मालक स्वतः हातमोजे घालतो, पण रोजानें आलेल्या माळ्याला उघड्या हातांनीं बोगनवेलींत शिरावयास सांगतो. मग छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकल्या जातात, किंवा ओल्या कचऱ्यांत दडविल्या जातात. "तें काम झाडूवाल्याचें," असें कोणी म्हणेल. झाडूवाल्याचे हात आपल्याच हातांसारखे आहेत, हें त्या म्हणणाऱ्यानें ध्यानांत घ्यावें.

उपाय सोपा आहे. छाटणीपूर्वीं झाडाखालीं जुनें गोणपाट अंथरावें. तुकडे त्यावरच पडूं द्यावे, शेवटीं गोणपाट गुंडाळून सुतळीनें बांधावें, आणि आंत कांटे आहेत असें वर ठळक अक्षरांनीं लिहावें. माळ्यास काम सांगण्याआधीं हातमोजे द्यावे. यास फार तर अर्धा तास अधिक लागेल.

आमच्या विद्यार्थ्यांनीं यंदा हें काम आपल्या घरीं अंगावर घ्यावें, व पालकांनीं त्यांना तें करूं द्यावें. फुलें आपल्या घरीं येणार आहेत. मग कांट्यांची व्यवस्थाही आपणच करणें न्याय्य आहे.