आधी खेळून बघू द्या

राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यात रोटाव्हेटर घेणारा शेतकरी आधी डेमो मागतो. यंत्र त्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच काळ्या मातीत चालवून दाखवावे लागते. भावाची बोलणी त्यानंतर. विक्रेत्यालाही यात काही गैर वाटत नाही. त्याच घरातला, नगरला कॉलेजात शिकणारा मुलगा फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम घेतो तेव्हा मात्र काही हजार रुपये आधी मोजतो आणि गेम कसा आहे हे त्याला नंतर कळते. काही वर्षांपूर्वीपर्यंत असे नव्हते. १० सप्टेंबर २०१९ रोजी ‘फिफा २०’चा डेमो आला. रिअल माद्रिद, लिव्हरपूल अशा मोजक्या संघांसह कुणालाही तो फुकट खेळता येत होता. कोनामी कंपनीच्या ‘पीईएस २०२०’चा डेमो तर जुलैअखेरीसच येऊन गेला होता. दोन्ही खेळून पाहायचे, मित्रांत वाद घालायचे आणि मग एकावर पैसे लावायचे, हा शिरस्ता होता. २०२० मध्ये ‘फिफा २१’च्या वेळी ईए कंपनीने डेमो काढणार नसल्याचे जाहीर केले. तो वेळ पूर्ण गेमवर खर्च करू, असे कारण दिले. पुढे ‘फिफा’ हे नाव गेले, २०२३ मध्ये ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ आला, तोही विक्रीआधीच्या डेमोशिवायच. गेम फसला तर होणारे नुकसान आता सगळे गिऱ्हाईकाच्या अंगावर पडते. हे बदलले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

फुटबॉलच्या गेमची पहिली पारख करायला फार वेळ लागत नाही, दोन-तीन सामने पुरतात. बटण हलकेच दाबले तर पास जवळच्या साथीदारापर्यंत जेमतेम पोहोचतो का, की बटण कसेही दाबले तरी चेंडू त्याच्याच पायाशी जातो? आघाडीचा खेळाडू हुलकावणी देऊन डावीकडे निसटला, तर उजवीकडे झुकलेल्या बचावपटूला पाय रोवून, कंबर फिरवून वळायला क्षणभर लागतो का, की तो जागच्या जागी उलटा फिरतो? धावताना चेंडू पायापासून थोडा सुटतो का? नगरच्या वाडिया पार्कवर किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मन लावून सामने पाहिलेल्या माणसाला या गोष्टी कुणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. जाहिरातीच्या ट्रेलरमध्ये यातले काहीच दिसत नाही. तिथे गोल होतो, कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्यावर जातो, प्रेक्षक उसळतात. बोटाने दाबलेले बटण आणि पडद्यावरचा पाय यांचा मेळ बसतो का, हे कंट्रोलर हातात घेतल्याशिवाय कळणे शक्य नाही.

लोकांच्या या पहिल्या मताला किती वजन असते, ते ‘ईफुटबॉल २०२२’च्या वेळी दिसले. कोनामीने ‘पीईएस’ हे नाव सोडले, जुने फॉक्स इंजिन बाजूला ठेवून अनरियल इंजिन घेतले आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी हा गेम फुकट खुला केला. खेळायला होते अवघे नऊ संघ, म्हणजे नाव पूर्ण गेमचे आणि ऐवज डेमोएवढा. चेहरे विद्रूप दिसत होते, खेळाडू एकमेकांत घुसत होते, पास रेंगाळत होते. काही तासांतच स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला आणि त्या संकेतस्थळावरच्या सर्वांत वाईट शेरे मिळालेल्या गेममध्ये त्याची गणना झाली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने माफी मागितली. नंतर मोठी आवृत्ती लांबणीवर टाकली, आगाऊ विकलेल्या खेळाडूंच्या पॅकचे पैसे परत करायचे ठरवले आणि सुधारलेली १.० आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आणली. गेम फुकट असल्याने बहुतेकांचा रुपयाही बुडाला नाही, म्हणून तो राग बोलण्यापुरता राहिला. हाच माल साडेतीन-चार हजारांना विकला गेला असता तर? ज्या देशात एवढ्या पैशांत घरात महिन्याचा किराणा येतो, तिथे हा प्रश्न गौण नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, आता फुटबॉलचे मोठे गेम फुकटच मिळतात, मग डेमो हवा कशाला? आपल्या जिल्ह्यातली बहुतेक मुले मोबाइलवरच खेळतात आणि तिथे ‘ईफुटबॉल’ उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, हे खरे आहे. पण डेमोला शेवट असतो. तो सांगतो, एवढे बघा, आवडले तर अमुक किंमत आहे. फुकट गेममध्ये किंमत कुठेच लिहिलेली नसते. आधी सवय लागते, संघ उभा राहतो, मित्रांशी चुरस लागते आणि मग नाणी विकत घ्यायची, चांगल्या खेळाडूसाठी नशीब आजमावायचे, अशी वाट सुरू होते. एकूण खर्च किती होणार हे सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते, त्याच्या बापाला तर नसतेच. बेल्जियममध्ये असे न उघडता विकले जाणारे पॅक जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरले, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये ईएला तिथे ‘फिफा पॉइंट्स’ या गेममधल्या नाण्यांची विक्री थांबवावी लागली. पुढे २०२१ मध्ये याच कंपनीने ‘फिफा २१’मध्ये आतले खेळाडू आधी दाखवणारे पॅकही आणून पाहिले. म्हणजे विकण्याआधी माल दाखवता येतो. फक्त तशी इच्छा असावी लागते किंवा तसा दबाव.

दुसरा आक्षेप परताव्याचा. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ही सोय चांगलीच आहे, पण ती संगणकापुरती आणि त्या एका दुकानापुरती. प्लेस्टेशनवर गेम डाउनलोड करून सुरू केला की परताव्याची वाट जवळपास बंदच होते. शिवाय पैसे आधी खात्यातून जातात. ज्याने वर्गणी काढून किंवा सुट्टीतल्या कामाच्या मजुरीतून रक्कम जमवली, त्याला ‘परत मिळतील’ हा दिलासा अपुरा आहे. ईए प्लेचे सभासद झाल्यास नवा गेम दहा तास खेळता येतो, पण त्या चाचणीसाठीही सभासदत्वाचे पैसे मोजावे लागतात. आणि यूट्यूबवर बघून घ्या, हा सल्ला तर मुद्द्यालाच बगल देतो. दुसऱ्याच्या बोटांनी खेळलेला सामना बघून आपल्या बोटांना काय जमेल ते कळत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. डेमो फसवू शकतो. तो निवडक संघांवर आणि मोजक्या मैदानांवर घोटून तयार केलेला असतो, प्रत्यक्ष गेम त्याहून वेगळा निघतो आणि दर महिन्याच्या सुधारणांनी पुन्हा बदलतो. मग पहिल्या मताला अर्थ काय? अर्थ आहे, कारण पैसे पहिल्याच दिवशी घेतले जातात. सहा महिन्यांनी गेम सुधारला तर आनंदच आहे, पण गिऱ्हाईकाने सहा महिन्यांनंतरच्या गेमचे पैसे आज का द्यावेत? डेमो अपुरा असेल तर उपाय तो अधिक भरीव करण्याचा आहे. ‘फिफा २२’मध्ये इंडियन सुपर लीग आली, मुंबई सिटीसारखे आपले संघ आले, याची बरीच चर्चा झाली. त्या संघांची मैदाने, चेहरे, चाली कितपत खऱ्या आहेत हे तपासण्यासाठी त्यांचा एक सामना तरी विक्रीआधी इथल्या खेळाडूंना देणे अशक्य नव्हते.

तालुक्याच्या गावांत ही गरज शहरापेक्षा जास्त आहे. ‘एफसी २४’ संगणकावर बसवायला १०० जीबी जागा मागतो. श्रीरामपूर-संगमनेरच्या आसपासच्या वाडीत रोज दीड जीबीचा रिचार्ज मारणाऱ्या घरात एवढा गेम उतरवणे हेच मोठे काम असते, आणि तो उतरवून झाल्यावर संगणक अडखळू लागला तर दोष कुणाला द्यायचा? छोटा डेमो असेल तर आपल्या यंत्रावर गेम चालतो की नाही, हे पाच-सात जीबीत कळते.

अशी मागणी करायला कायद्यातही आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने स्पष्टपणे धरली आहेत. ‘आत्ताच घ्या, नाहीतर संधी गेली’ अशी खोटी घाई, लपवलेला खर्च अशा तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढून मज्जाव केला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ म्हणून मान्यता दिली असेल तर खेळणाऱ्याचा ग्राहक म्हणून विचारही त्याच गांभीर्याने व्हावा. ठरावीक किमतीच्या वर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमला विक्रीआधी मोफत डेमो किंवा सर्व यंत्रांवर सारखाच, विनाअट परतावा, यांतले एक बंधनकारक करणारी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने काढावी. ती निघेपर्यंत पालकांनी आणि मुलांनी आगाऊ नोंदणी करू नये. गेम बाजारात येऊन महिनाभर होऊ द्यावा आणि मगच पैशाला हात घालावा.