अवघड जागेचे दुखणे

दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असतात. घरचा कुत्रा एकाएकी मधोमध येतो, बूड टेकतो, मागचे दोन्ही पाय पुढे ताणतो आणि पार्श्वभाग गालिच्यावर घासत चार हात पुढे सरकतो. मुले खदखदून हसतात, वडीलधारी मंडळी मान फिरवतात आणि गृहिणीला गालिच्याची चिंता पडते. कुत्र्याला काय होत असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला सुचत नाही. आम्हांलाही सुचला नव्हता. श्वानांविषयी या सदरातून अनेकदा लिहिले. पण हा विषय संकोचामुळे मागे पडत गेला. आमच्या मोतीला त्याची जी किंमत मोजावी लागली, ती आठवून आज संकोच बाजूला ठेवते.

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, त्वचेखाली, एकेक लहानशी पिशवी असते. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी त्या येतात. लहान चणीच्या कुत्र्यात पिशवीचा आकार साधारण वाटाण्याएवढा असतो. तिच्या आतील ग्रंथींतून एक उग्र दर्पाचा द्रव पाझरतो आणि बारीक नळीवाटे गुदद्वाराच्या कडेशी बाहेर पडतो. दोन कुत्री भेटली की प्रथम एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, ते या वासावरून ओळख पटवण्यासाठीच. एरवी या पिशव्यांची आपल्याला जाणीवही नसते, कारण घट्ट मल बाहेर पडताना त्याच्या दाबाने त्या आपोआप रिकाम्या होतात. मल सैल झाला, की तो दाब नाहीसा होतो. द्रव आत साचतो, हळूहळू दाट होतो, कधी लुगदीसारखा घट्ट होऊन नळीच बुजवतो. मग जंतूंना आयती जागा मिळते. सूज येते, पू होतो, गळू होते आणि शेवटी ते गळू कातडी फाडून बाहेर फुटते.

मोतीने घसरायला सुरुवात केली, तेव्हा घरातील सर्वांचा निदान एकच होता: जंत झाले. हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. जंतांमुळे खाज येते हे अगदी खोटे नव्हे. पिसवांवाटे पोटात जाणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे शेपटीभोवती तांदळाच्या दाण्यांसारखे चिकटलेले दिसतात. पण मोतीच्या अंगावर असे काही नव्हते. तरीही जंतांची गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा दिली. घसरणे थांबले नाही. उलट तो शेपटीच्या मुळाशी सारखा चाटू लागला, बसता बसता दचकून उठू लागला. अंगाला कुजलेल्या मासळीसारखी दुर्गंधी येई. मासळी आमच्या घरात कधी आलेली नाही, त्यामुळे हा वास कसला हे ओळखायलाही आमच्याकडून उशीर झाला. त्याला दोनदा साबणाने न्हाऊ घातले. पर्युषणाचे दिवस होते, सारे घर उपाश्रयात. मोती जिन्याखाली पडून राही आणि आम्ही समजत होतो की तो म्हातारा होत चालला आहे. संवत्सरीच्या आदल्या सकाळी त्याच्या गोधडीवर रक्त आणि पू दिसला. गुदद्वाराच्या उजव्या अंगाला पावलीएवढी जखम उघडी पडली होती.

पशुवैद्यांनी त्याला गुंगी देऊन जखम धुतली, प्रतिजैविके व वेदनाशामक दिले, चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घातली. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने दिवसातून दोन-तीनदा शेक द्यायला सांगितले. दोन आठवड्यांत जखम भरून आली. इतके दुखत असताना तो एकदाही कोणाला चावला नाही, हे मला अजून विसरता येत नाही. घरगुती उपायांच्या हौशींसाठी येथेच सांगते: अशा जखमेवर हळद, तेल किंवा मूळव्याधीचे मलम चोपडू नये, कारण कुत्रा ते चाटून पोटात घेतो. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याच्या जिवावर बेततात.

जखम भरली, तरी मूळ कारण शिल्लक होते. दोन महिन्यांत पिशव्या पुन्हा भरल्या. तेव्हा पशुवैद्यांनी विचारले, “हा खातो तरी काय?” मी सरळ उत्तर दिले, “सकाळ-संध्याकाळ दोन वेळा जेवण. चौविहारामुळे त्याचेही रात्रीचे खाणे नाही.” ते हसले आणि म्हणाले, “आठ दिवस लिहून काढा.”

आपण व्यापारी माणसे. हिशेब लिहिणे आपल्याला नवे नाही. एक वही स्वयंपाकघराच्या दाराला टांगली आणि मोतीला जो जे देईल, त्याने ते लिहावे असे ठरले. आठव्या दिवशी जमाखर्च पाहून मी थक्क झाले. सासरे सकाळच्या खाखऱ्यातील तुकडा देत होते, सासूबाई साय. मुलांची बिस्किटे, दुकानात दिवाणजींच्या चहाबरोबरचा टोस्ट, दुपारी फरसाणाचा चुरा, एका साखरपुड्याहून आलेल्या मोहनथाळाचे दोन तुकडे. ज्या रात्रीच्या निराहाराचा मला अभिमान होता, त्या रात्रीही पहारेकरी त्याला दुधात पाव भिजवून घालत होता. एकट्याने कोणीच फार दिले नव्हते; बेरीज मात्र भयंकर होती. अनेक मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही. त्यात तूप आणि मैदा यांची भर पडली, की मल सैल होतो, वजन वाढते. आणि स्थूल कुत्र्यात या पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत.

मग वरचे खाणे बंद झाले आणि जेवणात चोथा वाढला. मीठ-तिखट न घालता उकडलेला लाल भोपळा, मोतीच्या बेताच्या देहाला एका वेळी दोन चमचे. गाजरही चालते म्हणतात. ते आपल्या स्वयंपाकघरात येत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. पर्वतिथीला हिरवे वर्ज्य असेल, तेव्हा इसबगोलाची भुशी अर्धा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून जेवणात कालवावी. कोरडी भुशी कधीही देऊ नये. इसबगोल साधेच घ्यावे. गोड चवीच्या पुड्यांत कधी कधी कृत्रिम साखर असते आणि झायलिटॉल नावाची साखर कुत्र्याला विषासमान आहे. नेमके प्रमाण वजनावरून पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूणही कुत्र्याला विषारीच. तेवढ्यापुरते आपल्या घरचे श्वान सुदैवी. पण सुक्या मेव्याच्या डब्यातील मनुका-बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, याकडे आपल्या घरांतून फारसे लक्ष नसते.

शाकाहाराविषयी वाचकभगिनी हमखास विचारतात, म्हणून दोन शब्द. नीट समतोल साधला, तर कुत्रा शाकाहारावर चांगला राहू शकतो. मांजराची गोष्ट वेगळी, तिला ते मानवत नाही. परंतु दूध-पोळी किंवा वरण-भात म्हणजे समतोल आहार नव्हे. त्यात प्रथिने अपुरी पडतात, काही खनिजे व जीवनसत्त्वेही कमी पडतात. कुत्र्यांसाठी बनवलेले परिपूर्ण शाकाहारी खाद्य घ्यावे किंवा घरच्या अन्नाचे प्रमाण पशुवैद्यांकडून आखून घ्यावे. शाकाहारामुळे हे दुखणे होते, असे मात्र नाही. मोतीचे दुखणे आमच्या लाडाचे होते.

आहार सुधारूनही घसरणे थांबले नाही, तर त्वचेकडे पाहावे. जी कुत्री पंजे सारखी चाटतात, ज्यांचे कान वारंवार चिघळतात, त्यांना बहुधा कशाची तरी ॲलर्जी असते आणि पिशव्यांची सूज हा तिचाच एक भाग असतो. तिथे दर वेळी पिशव्या पिळत बसण्यात अर्थ नाही.

पिळण्यावरून आठवले. कुत्र्यांना न्हाऊ घालणाऱ्या काही ठिकाणी दर महिन्याला ग्रंथी रिकाम्या करून त्याचे पैसे बिलात लावले जातात. निरोगी कुत्र्याला याची गरज नसते; विनाकारण दाबल्याने त्या नाजूक जागेला इजा होऊन सूजच येते. ज्याला गरज आहे, त्याच्या पिशव्या पशुवैद्य हातमोजा घालून, वंगण लावलेले बोट आत घालून हलक्या दाबाने रिकाम्या करतात. हे पशुवैद्यांकडून हाताने शिकल्यावाचून घरी करू नये, आणि जागा लाल, सुजलेली वा दुखरी असेल, तेव्हा शिकलेल्यानेही करू नये. वारंवार गळू होत राहिले, तर शस्त्रक्रियेने पिशव्या काढून टाकता येतात. पण मल रोखणारे स्नायू लगतच असल्याने ताबा सुटण्याची जोखीम असते; म्हणून हा निर्णय अनुभवी शल्यविशारदाच्या सल्ल्यानेच घ्यावा.

एक गोष्ट मात्र वयस्क कुत्र्यांच्या घरी विशेष ध्यानात ठेवावी. या पिशव्यांत कर्करोगही होतो. गाठ लहान असते, बाहेरून दिसत नाही. कधी त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून कुत्रा खूप पाणी पितो आणि वारंवार लघवीला जातो. पशुवैद्यांच्या बोटालाच ती प्रथम लागते. म्हणून सात-आठ वर्षांपुढील कुत्र्याच्या नेहमीच्या तपासणीत ही जागाही पाहावी, असे आपण होऊन सांगावे. लाजू नये.

मोती आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या तपासणीत डावी पिशवी थोडी भरलेली निघाली, गाठ नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराला वही अजून टांगलेली आहे. परवा तिच्यात सासूबाईंच्या अक्षरात एक नोंद दिसली: ‘साय, अर्धा चमचा’. पुढे कंसात लिहिले होते, ‘फार मागत होता’.